खुर्ची धरणारे हात

पत्र

ताई, माझं वय २५. दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो, संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला जातो. यंदा आम्ही राज्य नाट्य स्पर्धेसाठी शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ मराठीत बसवतोय. मी एडमंडसाठी, म्हणजे त्यातल्या खलनायकासाठी, वाचन दिलं होतं आणि ते चांगलं झालं असं सगळेच म्हणाले. पात्रांची यादी लागली तेव्हा माझ्या नावासमोर ‘पहिला नोकर’ होतं. अख्ख्या नाटकात एक प्रवेश, आठ-नऊ ओळी, मग मरायचं. या माणसाला नावसुद्धा नाही. दिग्दर्शक म्हणतात, ‘छोटी भूमिका नसते, छोटा नट असतो.’ मला मात्र आतून वाटतं की माझा रंग, माझी बोली आणि माझं घर बघून मला नोकर दिला.

माझी आई वीस वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी करते. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘नाटकातपण नोकरच का रे?’ आणि पोळ्या लाटायला वळली. त्यानंतर तिला प्रयोगाला ये असं मी म्हटलेलं नाही.

आणखी एक. माझ्या मरणानंतर उरलेल्या दोन नोकरांचा छोटासा संवाद आहे, तो वेळेसाठी कापायचं ठरलंय. मी भूमिका सोडू का? की करायची तर मरताना असं काही करू, की लोकांच्या लक्षात राहीन?

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पोळ्या लाटायला वळलेल्या तुझ्या आईपाशी येऊन थांबले. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तुझ्या भूमिकेतलं जे तिला ठाऊक आहे ते तुला दुसरं कुणी शिकवू शकणार नाही.

छोटी भूमिका नसते, हे मी तुला ऐकवणार नाही. भूमिका छोटी असते आणि तुझी आहेच. एडमंड हवा होता, तो मिळाला नाही, याचं वाईट वाटणं रास्त आहे. ते गिळून हसऱ्या तोंडाने तालमीला उभं राहण्याची गरज नाही.

आधी तुझ्या संशयाचं बोलू, कारण तो मनात ठेवून कुठलीच भूमिका धड होणार नाही. दिग्दर्शकांना तालमीच्या आधी एकट्याने गाठ आणि एवढंच विचार, ‘सर, एडमंडच्या वाचनात मी कुठे कमी पडलो?’ नाटक बसवणाऱ्या माणसाकडे याचं नेमकं उत्तर असतं. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, स्वगतात घाई होते, एडगर करणाऱ्या मुलाशेजारी तू भाऊ म्हणून पटत नाहीस, असं काहीतरी. ते ऐकून घे, वहीत लिहून ठेव, पुढच्या वर्षी कामाला येईल. पण ‘तू त्यात शोभतोस’ एवढंच ऐकायला मिळालं, तर तिथे राहण्याचं तुझ्यावर कसलंही बंधन नाही. फक्त सोडायचं तर आत्ता सोड, प्रयोगाच्या आठवड्यात नको. बरोबरच्या मुलांचा त्यात काही दोष नाही.

असं होतं, हे मला माहीत आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका तालमीत माझ्यासमोर एका मुलीला तिच्या बोलीवरून मोलकरणीचं काम दिलं गेलं. मोठ्या भूमिकेसाठी तिचं वाचनसुद्धा घेतलं नाही. मी तिथे वयाने मोठी होते, माझा शब्द कुणी मोडला नसता. मी बोलले नाही. ती मुलगी पुढच्या वर्षी आली नाही, आणि तेव्हापासून ‘लिअर’मधल्या त्या बिननावाच्या नोकराकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. तो काय करतो आणि कधी करतो, हे मला त्याआधी कळलंच नव्हतं.

तेव्हा समज, तुला सरळ उत्तर मिळालं आणि तू राहायचं ठरवलंस. मग संहिता काढ, तिसऱ्या अंकाचा शेवटचा प्रवेश उघड आणि तुझी पहिली ओळ येण्याआधीची पानं वाच.

घर ग्लॉस्टरचं आहे, म्हणजे एडमंडच्या म्हाताऱ्या सरदार बापाचं. लिअर राजाची मुलगी रीगन आणि तिचा नवरा कॉर्नवॉल त्या घरी पाहुणे म्हणून उतरलेत आणि घरच्या धन्यालाच पकडून समोर आणवतात. का, तर वादळात बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या राजाला त्याने डोव्हरकडे पोचतं केलं. कॉर्नवॉल म्हणतो, बांधा याला. नोकर बांधतात. ग्लॉस्टर विनवतो, अहो, तुम्ही माझे पाहुणे आहात. रीगन त्याच्या दाढीचे केस उपटते. मग उलटतपासणी, आणि मग कॉर्नवॉलचा हुकूम येतो: ‘अरे, खुर्ची धरा.’

या तीन शब्दांवर बोट ठेवून थांब. खुर्ची कोण धरतं? तुम्ही तिघं नोकर. म्हणजे कॉर्नवॉल ग्लॉस्टरचा पहिला डोळा काढतो तेव्हा तुझे दोन्ही हात त्या खुर्चीच्या पाठीवर आहेत. म्हातारा तडफडतो, खुर्ची उचलली जाते, आणि ती हलू नये म्हणून तू ती जोर लावून खाली दाबतोस. ते तुझं काम आहे आणि तू ते चोख करतोस. नऊ ओळींपैकी एकही अजून आलेली नाही, आणि तुझी अर्धी भूमिका होऊन गेलेली आहे.

मग रीगन म्हणते, एक बाजू दुसरीला चिडवेल, तोही काढा. कॉर्नवॉल पुन्हा वाकतो. आणि तुझ्या तोंडून निघतं: ‘महाराज, हात आवरा. लहान होतो तेव्हापासून तुमची चाकरी करतोय. पण आत्ता तुम्हाला थांबा म्हणतोय ना, याहून चांगली चाकरी मी तुमची कधी केली नाही.’ तुमच्या संहितेत शब्द वेगळे असतील, मी मूळ इंग्रजीवरून माझ्या बोलण्यात सांगतेय.

तो एक डोळा गेल्यावर बोलतो, हे विसरू नकोस. त्याला उशीर झालेला आहे. म्हणून त्याला शूरवीर करू नकोस. छाती काढून, आवाज चढवून ती ओळ फेकलीस तर कदाचित टाळी येईल, पण तो माणूस हातून निसटेल. ज्याच्या तळव्यांना त्या खुर्चीचे हादरे अजून जाणवताहेत असा माणूस बोलतोय. आपण बोलणार आहोत हे त्याला स्वतःलाच आदल्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. माझं ऐकशील तर आधी हात सुटू दे आणि मग ओळ येऊ दे. मध्ये लांबलचक विराम नको. विराम घेतलास की तो विचार करून बोलणारा माणूस होतो, आणि विचार करायला सवड मिळाली असती तर तो बहुधा बोललाच नसता.

शिवाय तो ‘चाकरी’ हा शब्द सोडत नाही, हे बघ. आपण बंड करतोय असं त्याच्या डोक्यातही नाही. ज्या एका गोष्टीत त्याचा जन्म गेला तीच तो या क्षणीही करतोय असं त्याला मनापासून वाटतं. मला तर या वाक्यात मालकाबद्दलची माया ऐकू येते. लहानपणापासून ज्याचं अन्न खाल्लं त्या माणसाचे हात असे रक्ताने भरलेले त्याला बघवत नाहीत. ती माया तुझ्या आवाजात आली, तर पुढची तलवार प्रेक्षकांच्या काळजात जाईल.

हे बोलणं त्या काळात किती भयंकर होतं तेही लक्षात घे. हे नाटक १६०६ सालच्या २६ डिसेंबरच्या रात्री व्हाइटहॉलच्या राजवाड्यात जेम्स राजासमोर झालं. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर १६०५ मध्ये, राजासकट पार्लमेंट सुरुंगाच्या दारूने उडवून देण्याचा कट उघडकीला आला होता. आपल्याहून वरच्यावर हात उचलणं म्हणजे काय, हे त्या दालनातल्या प्रत्येकाच्या मनात ताजं होतं. इंग्लंडच्या १३५१ च्या कायद्यात नोकराने मालकाचा जीव घेणं साध्या खुनात धरत नसत, तो राजद्रोहाचाच एक धाकटा प्रकार मानला जाई. घरचा धनी म्हणजे त्या घरापुरता राजा, असा हिशेब होता. अशा दरबारात शेक्सपिअरने एक नोकर उभा केला, त्याने धन्यावर तलवार उपसली, आणि बघणाऱ्याचं मन त्या नोकराच्या बाजूने झुकलं.

नाव नाही म्हणून तुला खंत वाटते. मला वाटतं, नाव असतं तर तो आधीपासून कुणी निवडलेला माणूस वाटला असता. खुर्ची धरणारे तिघं होते आणि तिघांपैकी कुणीही बोलू शकला असता. हा बोलला.

पुढची तुझी ओळ रीगनला आहे. ती तुला कुत्रा म्हणते, आणि तू तिला म्हणतोस की तुमच्या हनुवटीला दाढी असती तर या भांडणात मी ती हिसडली असती. हे कुठून आलं? थोड्याच वेळापूर्वी तिने म्हाताऱ्याची दाढी उपटली त्यातून. म्हणजे ते तू पाहिलेलं आहेस आणि मनात धरलेलं आहेस. तेव्हा ती दाढी उपटते त्या वेळी तुझी नजर कुठे असते, हे आजच्या तालमीतच पक्कं कर. बघून खाली घातलेली मान मला बरी वाटेल, पण ते तू शोध.

मग झटापट होते, कॉर्नवॉलला जखम होते, आणि रीगन ओरडते, ‘तुझी तलवार दे. एक गावरान गडी असा उलटून उभा राहतो?’ हे ‘तुझी तलवार दे’ ती कुणाला म्हणते? संहितेत लिहिलेलं नाही. १६०८ साली छापलेल्या प्रतीत एवढीच सूचना आहे की ती तलवार घेते आणि मागून त्याच्यावर धावते. नवऱ्याला म्हणत असेल असं धरता येतं. माझ्या मते ती शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नोकराला म्हणते, आणि तो देतो. हुकूम झाला, हात पुढे झाला, तलवार गेली. सोबत वाढलेल्या माणसाच्या पाठीत जी तलवार शिरते, ती आपणच दिली, हे त्याला ती शिरल्यावर कळतं. दिग्दर्शकांना हे सुचवून बघ. असं केलं तर तो दुसरा नोकर मूक राहूच शकत नाही. कापलेल्या संवादाबद्दल मी पुढे म्हणणार आहे ते याच्याच जोरावर.

पडताना तू ग्लॉस्टरला म्हणतोस, ‘महाराज, एक डोळा शाबूत आहे तुमचा, याची दशा बघून घ्या.’ प्रवेशात आधी ‘महाराज’ अशी हाक तू कॉर्नवॉलला मारली होतीस. आता तोच शब्द ग्लॉस्टरसाठी. इंग्रजीतही दोन्हीकडे एकच संबोधन आहे. तुमच्या संहितेत ते दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं झालं असेल तर विचारून एकच करून घे. त्या एका शब्दात या माणसाचा धनी बदललेला आहे, आणि प्रेक्षकांना तो बदल कानाने कळायला हवा.

त्याच वाक्याने तो उरलेला डोळाही जातो. आणखी काही दिसायला नको, म्हणत कॉर्नवॉल तोही काढतो. तुझ्या माणसाच्या हातून काहीच वाचत नाही. त्याचं प्रेत उकिरड्यावर फेकायचा हुकूम सुटतो. आपल्या घावाने पुढे काय घडलं, हे त्याला कधीच कळत नाही.

नाटक बघणाऱ्याला मात्र कळतं. चौथ्या अंकात निरोप्या येऊन ऑल्बनीला, म्हणजे रीगनची थोरली बहीण गॉनरिल हिच्या नवऱ्याला, सांगतो की कॉर्नवॉल मेला, त्यानेच लहानाचा मोठा केलेल्या एका नोकराच्या हातून. बातमी ऐकून गॉनरिलच्या मनात पहिली पाल चुकचुकते ती बहिणीबद्दल. रीगन आता विधवा झाली आणि एडमंड तिच्यापाशी आहे. तिथून दोघी बहिणी एडमंडवरून एकमेकींच्या जिवावर उठतात, आणि शेवटी एकीच्या पोटात विष जातं, दुसरी स्वतःच्या छातीत सुरा खुपसते. लिअरच्या शापांनी त्यांचं वाकडं झालं नव्हतं. लिअरच्या मदतीला फ्रान्सचं सैन्य येतं ते तर हरतं. त्या अभेद्य वाटणाऱ्या सत्तेला पहिला तडा जातो तो तुझ्या हातच्या जखमेने. तुला जो एडमंड हवा होता त्याचं पुढचं सगळं नशीबही त्या जखमेने ठरतं.

या नाटकात हुकूम पाळणारे इतरही आहेत, त्यांच्याकडे एकदा बघून ठेव. गॉनरिलचा कारभारी ऑस्वल्ड बाईसाहेबांच्या शब्दाबाहेर कधी जात नाही. राजाशी बेपर्वाईने वाग, असा हुकूम झाला की तो तसा वागतो, आणि बक्षिसाच्या आशेने आंधळ्या ग्लॉस्टरचा जीव घ्यायलाही धावतो. मरतानाही त्याच्या जिवाला काळजी एकच, बाईसाहेबांचं पत्र पोचतं झालं पाहिजे. पाचव्या अंकात एक कॅप्टन आहे. लिअरच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, संपवायचा हुकूम त्याच्या हातात पडतो, आणि तो म्हणतो की गाडी ओढणं नि वाळके ओट खाणं मला जमायचं नाही, माणसाचं काम असेल तर करतो. तो ते करतो. तुझ्या नोकराने जे नाकारलं ते हा ‘माणसाचं काम’ म्हणून पत्करतो, आणि त्यालाही नाव नाही. केंटही राजाला थांबवतो, अगदी पहिल्याच अंकात. पण तो सरदार आहे. त्याला देश सोडून जायला काही दिवसांची मुदत मिळते. पुढे तो नोकराचा वेश घेऊन परत येतो, आणि तो वेश त्याला हवा तेव्हा उतरवता येतो. तुझ्या माणसाला कुणी मुदत देत नाही आणि त्याच्या अंगावर वेश नाही.

आता कामाचं. ओळी वाढवून मिळणार नाहीत, पण रंगमंचावरचा वेळ मागता येईल. दुसऱ्या अंकात कॉर्नवॉल केंटला खोड्यात अडकवायला सांगतो. तो खोडा कुणीतरी उचलून आणतं, केंटचे पाय त्यात घालतं, वरची फळी बसवतं. ते काम तू माग. कॉर्नवॉल आणि रीगन जिथे जिथे लवाजम्यासह येतात तिथे मागे उभं राहायला माग. वेळ एक सेकंदही वाढणार नाही आणि कुणाचं वाक्य कापलं जाणार नाही. मात्र तिसऱ्या अंकात तू बोलतोस तेव्हा प्रेक्षक तुला ओळखत असतील. अरे, हा तर सांगेल ते करणारा, खोडा आणणारा, असं त्यांना वाटायला हवं. खोडा आणताना चेहऱ्यावर नाराजी दाखवायचा मोह होईल, तो टाळ. तिथे तू खुशीने, चटपटीतपणे काम करणारा गडी अस.

कापलेल्या संवादाचं म्हणशील तर तुमचे दिग्दर्शक काही पाप करत नाहीयेत. तो संवाद १६०८ च्या छापील प्रतीत आहे आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्र छापलेल्या ग्रंथात, नाही. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी १९६२ मध्ये नट पॉल स्कोफिल्ड यांना घेऊन ‘लिअर’ केलं तेव्हा त्यांनीही तो मुद्दाम गाळला. त्यांना प्रेक्षकांना कसलाही दिलासा द्यायचा नव्हता. आंधळा ग्लॉस्टर सामान आवरणाऱ्या नोकरांचे धक्के खात चाचपडत जातो आणि प्रेक्षागृहातले दिवे लागतात, असं त्यांनी केलं. त्यामागे विचार होता. तुमच्याकडे फक्त घड्याळ बघून तो जात असेल तर मला त्याचं फार वाईट वाटेल, आणि तू दिग्दर्शकांशी त्यावर जरूर बोल.

कारण त्या संवादात काय आहे? धनी जखमी होऊन आत गेलाय, मित्र मरून पडलाय, आणि उरलेले दोन नोकर पहिल्यांदाच एकमेकांशी मोकळं बोलतात. एक म्हणतो, या कॉर्नवॉलसारख्या माणसाचं भलं झालं तर मी कुठलंही पाप करायला मागेपुढे बघणार नाही. दुसरा रीगनबद्दल तसंच म्हणतो. मग ठरतं की एकाने म्हाताऱ्यामागे जायचं आणि त्याला हात धरून नेणारं कुणीतरी गाठून द्यायचं. दुसरा म्हणतो, तू हो पुढे, मी त्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाचं सूत आणि अंड्याचा पांढरा बलक घेऊन येतो. त्या काळचा तो घरगुती इलाज होता. राजे, सरदार, वादळ, शाप असं सगळं ज्या नाटकात आहे, त्यात त्या रात्री एका माणसाला आठवतं की स्वयंपाकघरात अंडी असतील. मला अख्ख्या ‘लिअर’मधली ही सगळ्यात जवळची ओळ वाटते. ज्याने थोड्या वेळापूर्वी तलवार काढून दिली त्याच्याच तोंडी ती आली, तर ती काय होईल याचा विचार कर. एवढं सगळं आठ-दहा ओळींत आहे, मिनिटभरात होतं. बाकीच्या दोन मुलांना घेऊन, तिघं मिळून जा आणि एक मिनिट मागा. प्रसंगी वादळातल्या एखाद्या हालचालीतून ते मिनिट काढता येईल का, तेही आधी मोजून न्या.

मरताना काय करू, असं विचारलंस. काही करू नकोस. पडलास की पडून राहा, श्वास पोटातून घे म्हणजे छाती हलणार नाही. तुझी शेवटची ओळ ग्लॉस्टरसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही, म्हणून तोंड त्याच्याकडेच असू दे, मग अर्ध्या प्रेक्षागृहाला तुझा चेहरा नाही दिसला तरी चालेल. त्या दोघांना तुला उचलून न्यायचं असेल तर अंग पूर्ण सैल सोड, तुझं सगळं वजन त्यांच्या हातांवर जाऊ दे. त्यांना खरंच जड गेलं पाहिजे.

आणि आता तुझी आई.

मी पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिले ते मोलकरणीच्याच कामात, चहाचा ट्रे घेऊन यायचं होतं. घरी आरशासमोर चालून बघत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘ताई, आम्ही असं माणसांकडं बघत येत नाही. आम्ही ठेवायची जागा बघतो, आणि जाताना कुणाचा कप रिकामा झालाय ते बघतो.’ मी तसं करून पाहिलं. चाल बदलली, खांदे बदलले, ट्रे धरायची बोटंसुद्धा बदलली. एवढी वर्षं झाली, तेवढी नेमकी सूचना मला पुढे फार थोड्या दिग्दर्शकांनी दिली.

तुझ्या आईकडे असं वीस वर्षांचं ज्ञान आहे. दुसऱ्याच्या घरात कुठे उभं राहायचं, कुठल्या बोलण्याला कान द्यायचा आणि कुठलं ऐकलंच नाही असं दाखवायचं, घरात भांडण पेटलं की हातातलं काम चालू ठेवायचं की थांबवायचं, हे तिला शरीराने माहीत आहे. आज रात्री तिच्याजवळ बस आणि हे विचार. हेही विचार की कधी एखाद्या घरी असं काही समोर घडलं का, की बोलावंसं वाटलं? बोललीस का? नसेल बोलली, तर हात काय करत होते? ती सांगेल किंवा सांगणार नाही. सांगितलं नाही तर पुन्हा विचारू नकोस. सांगितलं तर ते तिचं आहे, रंगमंचावर नेताना जपून ने.

‘नाटकातपण नोकरच का रे?’ या तिच्या प्रश्नाचं उत्तर तू तिला अजून दिलेलं नाहीस. तिला गोष्ट सांग. इंग्रजी नावं सांगू नकोस, ‘एका सरदाराच्या घरी’ असं म्हणून सांग. खुर्ची धरली इथपर्यंत सांग, आणि मग तिलाच विचार की पुढे त्या गड्याने काय करावं.

मग तिला प्रयोगाला बोलव. तुझ्या बोलावण्याची वाट बघत असेल ती, आपण होऊन विचारणार नाही. तिच्यासाठी पास ठेवताना आधी रंगमंचावर जाऊन ती खुर्ची नेमकी कुठे ठेवतात ते बघून ये. उजवीकडे असेल तर उजवीकडची जागा धर, तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेत. खुर्चीच्या पाठीवरचे तुझे हात तिला तिथून नीट दिसतील.